गोऱ्हे, डिसोझा आणि एक तारांकन

निपाणीतल्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर केस पांढरे केलेले मामा आणि बेळगावात सॉफ्टवेअरची सुरक्षा तपासायचं काम करणारी त्यांची भाची. ही दोघं मी जोडून घेतलेली आहेत. सीमाभागातल्या काउंटरांवर आणि संगणकांपुढं जे कानावर पडलं, ते दोन तोंडांत घातलं आहे. संस्थेचं नाव कुणी विचारू नये.

वाद एका प्रश्नाचा आहे. समोरच्यानं फॉर्ममध्ये जे भरलं, त्यावर सॉफ्टवेअरनं किती विश्वास ठेवायचा? भाची म्हणते, अजिबात नाही. मामा म्हणतात, मग फॉर्म ठेवता कशाला?

मामा : तुमच्या जातभाईंनी केलेलं नवं सॉफ्टवेअर आलंय बघ. डिसोझा बाईंचं खातं घेईना. आधारवर इंग्रजीत आधी 'डी' हाय, मग वर एक बारकी खूण, मग 'सोझा'. ती खूण टाकली की तांबडी पट्टी येतीया, 'अवैध अक्षर'. बाईंचं आडनाव अवैध? खानापूर भागात, बेळगावच्या कॅम्पात अशी किती घरं हायत ठाऊक हाय काय तुला?

भाची : ठाऊक आहे. माझ्या वर्गातच दोघी होत्या. पण त्या खुणेला घाबरायला कारण आहे, मामा. सॉफ्टवेअर डेटाबेसशी वाक्यांत बोलतं. 'आडनाव अमुक असलेल्या माणसाची नोंद आण' असं वाक्य तयार होतं, आणि ते 'अमुक' दोन एकेरी अवतरणचिन्हांच्या मध्ये बसतं. आता आडनावातच ते चिन्ह आलं तर डेटाबेसला वाटतं, आडनाव संपलं. त्यापुढं जे लिहिलंय ते तो हुकूम म्हणून वाचतो. डिसोझा बाईंच्या बाबतीत पुढं नुसतं 'सोझा' येतं, म्हणून वाक्य मोडतं आणि काम थांबतं. एखादा चोर तिथं आडनावाऐवजी लिहील, 'किंवा एक बरोबर एक'. एक बरोबर एक हे कायमच खरं, म्हणून डेटाबेस सगळ्यांच्या नोंदी काढून हातात देतो.

मामा : एवढ्यावर?

भाची : एवढ्यावरच. १९९८ च्या डिसेंबरात जेफ फॉरिस्टल यानं टोपणनावानं 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात हे लिहिलं. सतरा वर्षांनी, २०१५ च्या ऑक्टोबरात, ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिफोन कंपनीत याच वाटेनं लोक शिरले. १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली. तिथल्या माहिती आयुक्तांनी चार लाख पौंड दंड केला. गंमत म्हणजे ज्या वेबपानांतून चोर आले ती कंपनीची स्वतःची नव्हतीच. २००९ मध्ये दुसरी एक कंपनी विकत घेतली होती, तिच्याबरोबर आलेली जुनी पानं ती. ती अजून चालू आहेत याचा कुणाला पत्ता नव्हता.

मामा : आमच्यात दोन संस्था एकत्र झाल्या तवा असंच झालं की. त्यांची जुनी वही कुठल्या कपाटात हाय, कुणाला म्हाईत. बरं, पण मला एक सांग. कोऱ्या कागदावर पैसे काढायचा अर्ज घेतला तर लिहिणारा खाली आणखी दोन ओळी वाढवतोय, आणि त्या बी साहेबांच्या सहीच्या वरच येत्यात. म्हणून तर आम्ही छापील स्लिप करतोय. नावाच्या चौकटीत तू रामायण लिही, ते नावच ऱ्हातंय. रक्कम म्हणून कोण वाचत न्हाई. तुमच्यात तशी स्लिप न्हाई व्हय?

इथं भाची थोडी थांबली असणार. कारण मामांनी नकळत खरा उपाय सांगून टाकला होता. डेटाबेसला वाक्य आधीच पूर्ण करून द्यायचं, त्यात रिकाम्या जागा ठेवायच्या आणि माणसानं दिलेला मजकूर त्या जागांत वेगळा सोपवायचा. मग मजकुरात अवतरण असो की अख्खा हुकूम, डेटाबेस त्याला मजकूरच मानतो. ही सोय सगळ्या प्रचलित डेटाबेसांत वर्षानुवर्षं आहे. ती वापरली की डिसोझा बाईंच्या आडनावातली खूण कुणाच्या वाटेला जात नाही. माझ्या मते नावातलं चिन्ह कापणारं सॉफ्टवेअर कडक नसतं, आळशी असतं. आत वाक्य चिकटवून तयार होतंय हे त्याला ठाऊक असतं, आणि ते दुरुस्त करण्याऐवजी ते दारात उभ्या बाईंना परत पाठवतं.

भाची : आहे. तशीच स्लिप आहे. आणि तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ती वापरली नसणार, म्हणून तांबडी पट्टी लावून ठेवली.

मामा : म्हणजे माझंच बरोबर. घ्यायचं सगळं.

भाची : नाही! नाव डेटाबेसात सुखरूप पोचलं, इथवर तुमचं बरोबर. पण ते तिथं बसून राहतं का? ते वेबपानावर दिसतं, एसएमएसमध्ये जातं, पासबुकावर छापलं जातं, महिनाअखेरीला एक्सेलच्या फायलीत बसून हेड ऑफिसला जातं. प्रत्येक ठिकाणी धोक्याचं अक्षर निराळं. वेबपानाला त्रिकोणी कंसाचं भय, कारण त्यातून परका प्रोग्राम चालू होऊ शकतो. एक्सेलला नावाच्या सुरुवातीच्या 'बरोबर'च्या चिन्हाचं भय, कारण तो ते सूत्र समजून चालवायला घेतो. दारातल्या तपासणीला हे पुढचे सगळे मुक्काम ठाऊक नसतात. म्हणून जिथं मजकूर बाहेर पडतो त्या प्रत्येक ठिकाणी त्या जागेपुरता बंदोबस्त वेगळा करायला लागतो.

मामा : मग दारात काय बघायचं?

भाची : अर्थ. वय एकशे ऐंशी कसं? रक्कम उणे पाचशे कशी?

मामा : उणे पाचशे कोण काढंल?

भाची : चोर काढेल. तुमच्या खात्यातून माझ्या खात्यात उणे पाचशे पाठवले, तर साध्या वजाबाकीनं तुमचे वाढतात आणि माझे कमी होतात. म्हणजे पाठवणारा मिळवतो. स्क्रीनवर तुम्ही उणे टाकू देत नाही म्हणाल, पण स्क्रीनवरची तपासणी ग्राहकाच्या फोनमध्ये चालते. फोन त्याचा, ब्राउझर त्याचा. ती तपासणी बाजूला सारून सरळ सर्व्हरला काहीही पाठवता येतं. स्क्रीनवरची तपासणी ही चुकणाऱ्या भल्या माणसाची सोय आहे. चोरासाठी ती पुन्हा आत, सर्व्हरवर करावी लागते. परीक्षा घेताना मला दर दुसऱ्या ठिकाणी हेच सापडतं.

मामा : अंकी आणि अक्षरी रक्कम आम्ही उगीच बघत न्हाई. १८८१ च्या कायद्यात लिहिलंय, दोन्ही जुळलं न्हाई तर अक्षरी खरी.

भाची : आधार क्रमांकात तेच केलंय. शेवटचा, बारावा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. वऱ्हॉफ नावाच्या डच गणितज्ञाची रीत. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर हटकून पकडलं जातं. आयएफएससीतलं पाचवं अक्षर कायम शून्य, पॅनमधलं चौथं अक्षर व्यक्ती की कंपनी ते सांगतं. असं जिथं पक्कं ठरलेलं आहे तिथं कडक राहायचं. तिथं दयामाया नको.

मामा : आणि जिथं ठरलेलं न्हाई तिथं?

हा प्रश्न सीमाभागात जितका बोचतो तितका पुण्यात बोचत नसावा. फॉर्म तिकडं कुणीतरी लिहितो. त्याच्या डोक्यात एक राज्य, एक लिपी आणि सातबारा असतो. निपाणीचा पिन ५९१२३७, वीसेक किलोमीटरवरच्या कागलचा ४१६२१६. पाचानं सुरू होणारा पिन कर्नाटक, आंध्र, तेलंगणाचा. चारानं सुरू होणारा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचा माणूस बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला बेळगावात येतो. घर एका राज्यात, रोजची उठबस दुसऱ्या राज्यात, आणि 'कायमचा पत्ता व व्यवसायाचा पत्ता एकाच राज्यातला हवा' असा नियम कुणीतरी सहज लिहून जातो. इथं जमिनीचा कागद म्हणजे कर्नाटकच्या 'भूमी' प्रणालीतला कन्नड उतारा. त्यावर सर्व्हे नंबर, मग 'सुरनोक' हा रकाना, मग हिस्सा. सुरनोकच्या जागी बहुतेक वेळा नुसतं एक तारांकन असतं. ते चुकून पडलेलं नसतं, ती तिथली रीतसर नोंद आहे. तारांकन हे धोक्याच्या चिन्हांच्या यादीत टाकणारा माणूस एका फटक्यात तालुक्यातल्या शेतकऱ्यांचं कर्ज अडवतो, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

मामा : तारांकनाचं सोड. आमच्या गोऱ्ह्यांचं काय केलं ते बघ. फॉर्मात बरोबर भरलं, पासबुकावर 'गोर्हे' आलं. म्हातारा पासबुक घेईना. म्हणाला, हे आमचं घराणं न्हवं.

भाची : हे मात्र मला दाखवा हं. हे नुसतं फॉन्टचं नसेल. चंद्रकोरीसारखा तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा वेगळा ऱ आहे, तो वापरून. दुसरी, साधा र, हलंत आणि त्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली 'न दिसणारी सगळी चिन्हं पुसा' असा नियम टाकला असणार. ते जोडचिन्ह पुसलं की गोऱ्हेचा गोर्हे होतो, आणि दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेला गोऱ्हे शाबूत राहतो. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं निराळी.

मामा : मग असला नियम कशाला टाकायचा?

भाची : कारण न दिसणाऱ्या चिन्हांनी घात केलेला आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं एक जोडाक्षर, आपल्या 'ज्ञा'सारखंच, मेसेजमध्ये आलं की आयफोनचं ॲप कोसळत होतं. त्या जोडाक्षरातही असंच एक न दिसणारं चिन्ह दडलं होतं. अ‍ॅपलला त्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागली. आणि दिसणारे अंकही फसवतात. पायथॉन भाषेत 'हा अंक आहे का' असं विचारलं तर देवनागरी आणि कन्नड अंकांनाही ती हो म्हणते. मोबाइल नंबर देवनागरीत भरला तर आमची तपासणी पास, आणि पुढं एसएमएस पाठवणारी व्यवस्था त्या नंबराला ओळखत नाही.

मामा : मग अंक एकाच जातीचे करून घ्या आधी.

भाची : बरोबर. आधी सगळं एका रूपात आणायचं, आणि मग तपासायचं. क्रम उलटा केला की संपलं. मायक्रोसॉफ्टच्या वेबसर्व्हरनं २००० साली तोच घोळ घातला. पत्त्यात वरच्या फोल्डरात शिरायची खूण आहे का, हे त्यानं आधी तपासलं आणि सांकेतिक लिपीतली अक्षरं नंतर उलगडली. चोरानं तिरपी रेघ वेगळ्या संकेतात लिहिली. तपासणीला ती दिसली नाही, उलगडल्यावर मात्र ती तिरपी रेघच निघाली. २००१ च्या सप्टेंबरात पसरलेल्या निमडा या किड्यानं जी अनेक भोकं वापरली त्यातलं हे एक. दुरुस्ती येऊन अकरा महिने झाले होते तेव्हा.

मामा गप्प बसणारे नव्हेत. पण त्यांच्या पुढच्या मुद्द्याआधी भाचीची बाजू पुरी करायला हवी, कारण ती नुसती ग्राहकावर अविश्वास दाखवत नाही. तिचा घरच्या माणसावरही विश्वास नाही, आणि मला वाटतं यात ती मामांच्या एक पाऊल पुढं आहे.

१९ जुलै २०२४ ला जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हल्ला कुणीच केला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनंच आपल्या ग्राहकांना नियमांची एक फाइल पाठवली होती. फाइल एकवीस रकाने धरून केलेली होती आणि ती वाचणारा प्रोग्राम वीसच रकाने पुरवत होता. एकविसावा शोधायला तो स्मरणातल्या परक्या जागेत गेला आणि पडला. फाइल आपल्याच घरातून येते, ती कशाला मोजायची, या समजुतीचा तो परिणाम.

त्याहून जवळचं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ११ ऑगस्ट २०१८ ला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. भारतात काढलेले पैसे वेगळे, त्यात आपलं कोल्हापूरही होतं. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. सगळं मिळून ९४ कोटींच्या वर. एटीएम आणि बँकेची मुख्य प्रणाली यांच्यामध्ये चोरांनी आपलाच एक बनावट स्विच बसवला होता. खात्यात पैसे आहेत का, हे मुख्य प्रणालीला विचारलंच गेलं नाही. 'द्या पैसे' हे उत्तर चोरांच्याच यंत्राकडून येत होतं. कार्ड घालणाऱ्याचा पिन तपासणं, रक्कम तपासणं हे सगळं आपण ग्राहकाकडून आलेल्या मजकुराबद्दल बोलतो. इथं 'हो' म्हणणारा कोण आहे, तेच तपासायचं राहिलं होतं.

भाची : म्हणून म्हणते मामा, तुमचं 'ओळखीचा माणूस आहे, घे' हे मला चालत नाही. ओळखीच्या यंत्राचंही चालत नाही.

मामा : पटलं. न्हाई म्हणत न्हाई. आता माझं ऐक. सॉफ्टवेअरमध्ये मोबाइल नंबर सक्तीचा केलाय. दहा अंक पाहिजेत, सहा ते नऊनं सुरू झाला पाहिजे. त्याबिगर खातं उघडत न्हाई. आता खेड्यातली म्हातारी येतीया. पेन्शन जमा करायला खातं पाहिजे. तिच्याजवळ फोन न्हाई. रांग दारापर्यंत. काउंटरवरचा पोरगा काय करतोय?

भाची : ...

मामा : आपला नंबर टाकतोय. दहा अंक, नऊनं सुरू. तुझी तपासणी पास. असं एका म्हातारीचं, मग दुसरीचं, मग ज्याचा नंबर बंद पडलाय त्याचं. वाईट मनानं न्हाई गं, गर्दी हाय म्हणून. आणि मग एक दिवस तुम्ही सांगतायसा, आता पैसे काढायला ओटीपी येणार. कुणाच्या फोनवर येणार?

हे ऐकून मी वही बाजूला ठेवली असती. कडक नियमानं सुरक्षेला भोक पाडलं आहे, आणि नियमाच्या नजरेत सगळं हिरवं आहे. नंबराचं रूप बरोबर आहे, लांबी बरोबर आहे, त्यावर ओटीपी जातोही आणि बरोबर परत येतोही. फक्त तो नंबर त्या माणसाचा नाही. मोठ्या बँकांतही हे घडतं. जुलै २०२३ मध्ये अल जझीरानं बातमी दिली, की बँक ऑफ बडोद्याच्या 'बॉब वर्ल्ड' ॲपची नोंदणी वाढवण्यासाठी काही ग्राहकांच्या खात्यांना परक्यांचेच मोबाइल नंबर जोडले गेले. १० ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं त्या ॲपवर नवे ग्राहक घेणं थांबवायला लावलं. ती बंदी पुढच्या मे महिन्यात उठली. तिथं म्हातारीची अडचण नव्हती, उद्दिष्टाचा आकडा होता. पण नोंद दोन्हीकडं सारखीच खोटी, आणि सारखीच 'वैध'.

भाची : मग सक्ती काढायची?

मामा : 'फोन नाही' असा एक रकाना द्यायचा. एवढं सोपं. ज्याला फोन न्हाई त्याला खरं बोलायला जागा पाहिजे. जागा न्हाई दिली की माणूस खोटं भरतोय, आणि तुझा संगणक खुशीत ऱ्हातोय. जन्मतारीख सक्तीची केल्यावर आमच्याकडं किती म्हातारे एक जानेवारीला जन्मले ते बघ जा.

भाची : इंटरनेटचे मूळ नियम लिहिणारे जॉन पोस्टेल १९८० मध्ये तुमच्यासारखंच म्हणाले होते. आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याचं घेताना मोकळा हात ठेवावा. पुढं अनुभव असा आला, की मोकळ्या हातानं घेतलेला गबाळेपणाच रीत होऊन बसतो आणि मग तो कुणाला काढता येत नाही. २०२३ साली त्याच नियम लिहिणाऱ्या मंडळींनी पोस्टेलच्या सल्ल्याविरुद्ध लेखी मत दिलं.

मामा : मी गबाळं घे म्हणत न्हाई. नाव हाय तसं घे. फोन न्हाई तर न्हाई म्हणून घे. आधार चुकला तर माघारी लाव, मी बी लावतो.

भाची : आणि ज्याला फोन नाही त्याला ओटीपीशिवाय पैसे कसे द्यायचे?

मामा : अंगठा, नायतर शाखेत येऊन सही. आधी कसं देत होतो?

भाची : सही कोण तपासणार?

मामा : मी.

भाची : तुम्ही रजेवर असलात तर?

मामांनी याचं उत्तर दिलं नाही. त्यांच्या संस्थेत सहीची नमुना-कार्डं कुठल्या खणात असतात हे त्यांच्याशिवाय फार जणांना ठाऊक नसावं, असा माझा अंदाज आहे.

भाची : बरं, ते राहू दे. आत्ता एक काम करता येईल. एकच मोबाइल नंबर दोनपेक्षा जास्त खात्यांवर कुठं कुठं आहे, याची यादी काढायला सांगा सॉफ्टवेअरवाल्यांना. दहा मिनिटांचं काम. जुन्या नोंदींची तपासणी कुणी करतच नाही. सगळ्यांना वाटतं, तपासायचं ते दारातच.

मामा : यादी लांब निघंल.

भाची : निघू दे.

मामा : आणि त्यात सासू, सून, नातू, एकाच घरात एकच फोन, अशी बी निघतील. अकोळला एकेका घरात सात खाती आणि एक फोन हाय. त्यास्नी चोर म्हणणार काय?

भाची : सॉफ्टवेअर नाही म्हणणार. ते नुसती खूण करेल. घर एकच आहे की क्लार्क एकच आहे, हे कुणीतरी बसून बघायला लागेल.

मामा : कुणीतरी म्हणजे मीच की.

भाची : पोरांची नावं तुम्हाला माहीत आहेत. मला नाहीत.

मामा : मार्चएंड झाल्यावर बघू.

भाची : मामा, ओटीपी एक तारखेपासून चालू होतोय ना?